पूलचा क्यू, फोनमधला गायरो आणि कोरिऑलिस नावाचा इंजिनिअर

बीजीएमआय खेळताना गायरो ऑन ठेवणाऱ्यांना आधी एक प्रश्न. फोन जरासा वळवला की स्कोपसुद्धा तेवढाच वळतो. पण आपण वळलो, आणि नेमके किती वळलो, हे फोनला कळतं कसं?

फोनच्या आत गायरोस्कोप नावाची छोटी चिप असते हे बऱ्याच जणांना माहीत असेल. ही चिप ज्या तत्त्वावर चालते ते एका फ्रेंच इंजिनिअरने १८३५ साली गणितात मांडलं. त्याचं नाव गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याचं आणखी एक पुस्तक आलं, आणि ते होतं चक्क बिलियर्ड्सवर. टेबल, चेंडू, क्यू, फिरकी, सगळं गणितासकट.

आज या माणसाची गोष्ट सांगणार आहे. त्याला मी कसा शोधला हे मात्र आधी सांगायला हवं, कारण सुरुवात माझ्या शॉपिंग कार्टपासून झाली.

कार्टमधला क्यू

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. असे आम्ही पुण्यात पैशाला पासरी सापडतो. ऑफिस सुटल्यावर आमचा चौघांचा ग्रुप जवळच्या पार्लरमध्ये पूल खेळायला जातो. गेले सहा महिने मी जवळजवळ रोज हरत होतो, तेही एकाच मित्राकडून. त्याच्याकडे स्वतःचा कार्बन फायबरचा क्यू आहे. मी भिंतीला टेकवून ठेवलेल्या पार्लरच्या क्यूंपैकी जो हाताला लागेल तो घ्यायचो. त्यामुळे माझं निदान पक्कं होतं: दोष क्यूचा.

यात फोनचाही हात आहे. 8 बॉल पूल हा गेम तुम्ही खेळला असाल तर माहीत असेल, त्यात प्रत्येक क्यूला फोर्स, एम, स्पिन आणि टाइम असे चार गुण असतात. कॉइन टाका, चांगला क्यू घ्या, नेम सुधारला. वर्षानुवर्षं हेच पाहिल्यावर खऱ्या टेबलावरही तसंच होत असेल असं वाटायला लागतं.

मी कार्बन फायबरचा एक क्यू कार्टमध्ये टाकला. त्याची किंमत सांगलीच्या आमच्या घराच्या एका महिन्याच्या हप्त्याएवढी होती. बाबांचं दुकान बंद झाल्यापासून तो हप्ता मी भरतो. पैसे बोनसमधून देता आले असते, पण बटण दाबायला हात होईना. मग इंजिनिअर माणूस करतो तेच मी केलं. विकत घेण्याआधी वाचायला बसलो. क्यूचं विज्ञान शोधता शोधता जे नाव समोर आलं ते वाचून हसूच आलं. कारण थिअरी ऑफ मशिन्सच्या पेपरला दोन व्ही ओमेगा हे सूत्र मी याच माणसाच्या नावाने घोकलं होतं.

सरदाराचा मुलगा, पगाराची नोकरी

कोरिऑलिसचा जन्म २१ मे १७९२ रोजी पॅरिसमध्ये झाला. वर्ष नीट बघा. फ्रेंच राज्यक्रांती ऐन भरात होती. वडील राजा सोळाव्या लुईच्या सैन्यातले अधिकारी, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सकडून लढून आलेले. मुलगा तीन महिन्यांचा होत नाही तोच राजाची सत्ता गेली. राजाच्या माणसांना पॅरिसमध्ये राहणं धोक्याचं झालं. कुटुंब पूर्वेकडच्या नान्सी शहरात गेलं आणि वडिलांनी तिथे उद्योगधंदा सुरू केला. गास्पार तिथेच वाढला, तिथेच शिकला.

१८०८ साली, सोळाव्या वर्षी, त्याने एकोल पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा दिली. आपल्याकडे जेईईला जे वजन आहे तेच फ्रान्समध्ये या परीक्षेला होतं, आजही आहे. तो दुसरा आला. तिथून पुढे तो एकोल दे पाँ ए शोसे या संस्थेत गेला. नावाचा अर्थ पूल आणि रस्ते यांची शाळा. म्हणजे पूल बांधायला शिकलेला माणूस पुढे पूलच्या टेबलाचा गुरू झाला! (तो खेळ तेव्हा बिलियर्ड्स होता हे मान्य, पण मराठीत हा विनोद सोडवत नाही.)

शिक्षण झाल्यावर काही वर्षं त्याने सरकारी इंजिनिअर म्हणून काम केलं, व्होज डोंगरांच्या भागात. तब्येत मात्र पहिल्यापासून नाजूक होती. त्यात वडील वारले आणि घर चालवायची जबाबदारी त्याच्यावर आली. १८१६ साली एकोल पॉलिटेक्निकमध्ये गणिताच्या शिकवणी-शिक्षकाची जागा मिळाली. शिफारस होती कोशी या मोठ्या गणितज्ञाची. कोरिऑलिसने ती घेतली. मोठं पद नव्हतं, पण नियमित पगार होता. मुख्य प्राध्यापकाने शिकवलेलं मुलांकडून पक्कं करून घ्यायचं, तोंडी परीक्षा घ्यायच्या, असं ते काम.

हा भाग वाचताना मी जरा थांबलो. ज्याच्या नावावर आज वादळांचं गणित चालतं, त्याने पहिली स्थिर नोकरी घर चालावं म्हणून धरली होती. हे आपल्यापैकी अनेकांना वेगळं समजावून सांगायला नको.

शाळेत पाठ केलेला अर्धा कुठून आला?

तेव्हा युरोपात यंत्रांचं युग सुरू झालं होतं. पाणचक्क्या होत्या, वाफेची इंजिनं येत होती. पण एक यंत्र दुसऱ्यापेक्षा किती जास्त काम करतं हे मोजायची नीट भाषा नव्हती. गणितज्ञांची सूत्रं एकीकडे आणि कारखान्यातला फोरमन दुसरीकडे.

१८२९ साली कोरिऑलिसचं यंत्रांच्या परिणामाचं गणित मांडणारं पुस्तक आलं. बल गुणिले अंतर या राशीला त्याने कार्य म्हटलं. नववीच्या पुस्तकात आपण कार्य नावाचा जो धडा शिकतो, त्या शब्दाला भौतिकशास्त्रातला आजचा अर्थ मिळाला तो इथून. शिवाय त्याआधी फिरत्या किंवा धावत्या वस्तूची ताकद सांगताना वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग एवढंच लिहायची पद्धत होती. त्याने त्याला अर्ध्याने गुणलं, म्हणजे केलेलं कार्य आणि वाढलेली गतिज ऊर्जा यांचा हिशेब थेट जुळतो. कार्य मोजायला त्याने डायनामोड नावाचं एककही सुचवलं होतं, एक हजार किलोग्रॅम-मीटरचं. ते टिकलं नाही. अर्धा मात्र टिकला, आणि आपण सगळ्यांनी तो परीक्षेत विसरून मार्क घालवले.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये नव्यानेच निघालेल्या एकोल सांत्रालमध्ये तो यंत्रशास्त्राचा प्राध्यापक झाला. पुढच्या वर्षी, १८३० च्या जुलैमध्ये, पुन्हा क्रांती झाली आणि कोशी देश सोडून गेला. रिकाम्या झालेल्या कोशीच्या जागेवर कोरिऑलिसला बोलावणं आलं. ती जागा त्याने नाकारली.

चामड्याच्या तुकड्याने बदललेला खेळ

आता क्यूकडे येऊ. बिलियर्ड्सचा क्यू आधी नुसती लाकडी काठी होती, टोकालाही लाकूडच. लाकडाने चेंडूच्या मधोमध मारलं तर ठीक, जरा बाजूला मारलं की काठी सटकली. त्यामुळे खेळ सरळसोट होता.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच सैन्यातल्या एका कॅप्टनने टोकाला चामड्याची टिप लावली. त्याचं नाव फ्रान्स्वा मँगो. उच्चार साधारण असाच आहे, आंब्याशी संबंध नाही. राजकीय कारणावरून तुरुंगात असताना त्याने ही युक्ती साधली असं सांगितलं जातं. चामडं चेंडूला क्षणभर पकडतं. त्यामुळे चेंडूच्या बाजूला, वर, खाली कुठेही मारून त्याला फिरकी देता येऊ लागली. चेंडू पुढे जाऊन मागे यायला लागला, वळणं घ्यायला लागला. मँगोने क्यू जवळजवळ उभा धरून वरून मारायचे फटकेही दाखवले. १८२७ साली पॅरिसमध्ये त्याचं चित्रांसकट पुस्तक निघालं.

लोकांना हे जादू वाटायचं. कोरिऑलिसने मँगोचे फटके पाहिले आणि त्याला त्यात गणित दिसलं. बाकीचे टाळ्या वाजवत असताना हा घर्षणाचा विचार करत होता. स्वभावाला औषध नाही!

हस्तिदंती चेंडूंचं गणित

१८३५ साली त्याचं बिलियर्ड्सच्या खेळाचा गणिती सिद्धांत सांगणारं पुस्तक आलं. तेव्हाचे चेंडू हस्तिदंताचे असत. मोजमापाला ना कॅमेरा, ना सेन्सर. तरीही त्याने काढलेले निष्कर्ष आजही तसेच वापरले जातात. त्यातले तीन सांगतो.

पहिला: फिरकी असलेला चेंडू दुसऱ्यावर आपटून वळतो तेव्हा त्याची वाट पॅराबोला असते, म्हणजे हवेत फेकलेल्या दगडासारखी. कारण सोपं आहे. चेंडू कापडावर घसरत असतो तोवर घर्षणाची दिशा बदलत नाही, जशी दगडावर गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलत नाही. घसरणं थांबून लोळणं सुरू झालं की वाट सरळ होते.

दुसरा: चेंडूला जास्तीत जास्त बाजूची फिरकी द्यायची तर मध्यापासून अर्ध्या त्रिज्येवर मारा. आजचा पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे मध्यापासून साधारण १४ मिलिमीटर. त्यापलीकडे गेलात की टिप सटकते, ज्याला आपण मिसक्यू म्हणतो.

तिसरा मला सगळ्यात आवडला. क्यू तिरका उभा धरून वरून मारला तर चेंडू आधी एकीकडे जातो आणि मग वळतो. शेवटी तो कुठल्या दिशेने जाईल? क्यूची रेष चेंडूतून आरपार पुढे वाढवा. ती कापडाला जिथे लागेल तो एक बिंदू. चेंडू कापडाला जिथे टेकला आहे तो दुसरा. टेकलेल्या बिंदूपासून पहिल्या बिंदूकडे रेष ओढा. चेंडूची शेवटची दिशा त्या रेषेला समांतर असते. कापड जुनं असो की नवं, दिशा तीच. ट्रिक शॉट मारणारे आजही असाच नेम धरतात.

मग महाग क्यूने किती फरक पडतो?

हे सगळं वाचल्यावर मी कागद-पेन घेऊन बसलो. क्यूचा एकेक भाग घेऊन हिशेब केला.

टिप आणि खडू. अर्ध्या त्रिज्येवर मारताना टिप चेंडूच्या पृष्ठभागाला ३० अंशांच्या कोनात भिडते. न सटकता पकड राहायची तर घर्षणांक किमान ३० अंशांच्या टॅनइतका हवा, म्हणजे सुमारे ०.५८. खडू लावलेली खरबरीत चामडी टिप साधारण इथपर्यंत पोचते. घासून काचेसारखी गुळगुळीत झालेली टिप पोचत नाही. म्हणजे फिरकीचा सगळा खेळ क्यूच्या सगळ्यात स्वस्त भागावर अवलंबून आहे. पार्लरच्या क्यूने माझे फटके सटकायचे त्याचं खरं कारण हे होतं.

वजन. पूलचे क्यू साधारण १८ ते २१ औंसांचे, म्हणजे ५१० ते ५९५ ग्रॅमचे असतात. चेंडू सुमारे १७० ग्रॅमचा. आदर्श टक्कर धरली तर ५१० ग्रॅमच्या क्यूने चेंडूला क्यूच्या वेगाच्या १.५० पट वेग मिळतो आणि ५९५ ग्रॅमच्या क्यूने सुमारे १.५६ पट. वजन जवळजवळ १७ टक्के वाढवलं आणि चेंडूचा वेग वाढला जेमतेम ४ टक्के. हाताचा वेग १० टक्के वाढवला तर चेंडूचा वेगही १० टक्के वाढतो. वजन म्हणजे तुमच्या हाताला जे बरं वाटेल ते. त्यात जादू नाही.

पुढची दांडी. इथे महाग क्यूला खरंच काहीतरी म्हणायचं आहे. चेंडूच्या डाव्या बाजूला मारलं की चेंडू सरळ न जाता थोडा उजवीकडे ढकलला जातो. याला डिफ्लेक्शन म्हणतात. ते किती होईल हे क्यूच्या एकूण वजनावर नाही, तर टिपजवळच्या शेवटच्या वीतभर भागाच्या वजनावर ठरतं. तो भाग हलका असेल तर टक्कर होताना क्यूच बाजूला सरकतो आणि चेंडू कमी भरकटतो. कार्बन फायबरच्या किंवा आतून पोकळ दांड्या यासाठीच बनवतात. समजा चेंडू दोन अंशांनी भरकटला, तर दीड मीटरवर पाच सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ एक अख्खा चेंडू. तेच एक अंशावर आणलं तर फरक निम्मा. पण शून्य नाही! सवयीने नेम थोडा बदलून घ्यावाच लागतो, फक्त कमी. आणि मुद्दाम फिरकी द्यायची नसेल, मधोमधच मारायचं असेल, तर हा फायदा जवळपास नाहीच.

वेळ. टिप आणि चेंडू यांची भेट साधारण एका मिलिसेकंदाची असते. तुमच्या फोनची स्क्रीन १२० हर्ट्झची असेल तर ती दर ८.३ मिलिसेकंदांनी ताजी होते. म्हणजे स्क्रीनच्या एका फ्रेममध्ये असे आठ फटके मावतील. एवढ्या वेळात हाताने काही सुधारायचं म्हटलं तरी शक्य नाही. टिप चेंडूला लागायच्या आधी जे चुकलं ते चुकलं, क्यू कितीही महाग असो.

आता 8 बॉल पूलचे ते चार गुण आठवा. स्पिनचा काही भाग क्यूमध्ये आहे. फोर्स बहुतेक हातात आहे. आणि एम नावाची गोष्ट कुठल्याच खऱ्या क्यूमध्ये विकत मिळत नाही.

त्याच वर्षीचा दुसरा निबंध

१८३५ मध्येच कोरिऑलिसने सापेक्ष गतीवर निबंध लिहिला. विषय होता फिरणाऱ्या यंत्रांचा, पाणचक्कीसारख्या. फिरणाऱ्या चाकावर बसून पाहिलं तर चाकावर सरकणाऱ्या वस्तूला एक जादा बल बाजूला ढकलतंय असं दिसतं. ते बल किती, हे त्याने दाखवलं. तेच माझं घोकलेलं दोन व्ही ओमेगा.

निबंधात हवामानाचा विषय नव्हता. पण पृथ्वीसुद्धा एक फिरणारं यंत्रच आहे. दक्षिणेकडून विषुववृत्त ओलांडून आलेले वारे या परिणामामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून आपल्या कोकण किनाऱ्यावर येतात. नैर्ऋत्य मोसमी वारे, भूगोलाच्या पुस्तकातले. जूनमध्ये छत्री उघडताना एकदा त्याची आठवण काढायला हरकत नाही.

आणि आता सुरुवातीचा प्रश्न. फोनच्या गायरोस्कोप चिपमध्ये सिलिकॉनचा अगदी सूक्ष्म भाग सतत पुढे-मागे थरथरत असतो. फोन वळला की त्या थरथरणाऱ्या भागाला कोरिऑलिस बल बाजूला ढकलतं. तो किती सरकला हे चिप विद्युत धारितेतल्या बदलावरून मोजते आणि त्यावरून वळण्याचा वेग काढते. पाणचक्कीच्या जागी सिलिकॉन आलं, सूत्र तेच राहिलं. स्मार्टफोनमध्ये गायरो पहिल्यांदा २०१० साली आयफोन ४ मध्ये आला. आज व्हिडिओ न हलता येतो, ३६० अंशांचा व्हिडिओ फोन फिरवून बघता येतो, स्कोप वळतो, त्यामागे हाच आहे. (स्क्रीन आडवी-उभी होते ते काम मुख्यतः ॲक्सेलरोमीटरचं, तो वेगळा सेन्सर.)

एकाच वर्षी एकाच माणसाने क्यूच्या टोकाचं आणि फोनच्या पोटातल्या सेन्सरचं गणित लिहून ठेवलं. फोन येणार हे त्याला कुठून ठाऊक असणार?

शेवटची वर्षं

१८३२ पासून कोरिऑलिस नाव्हिए या मोठ्या इंजिनिअरबरोबर आपल्या जुन्या पुलांच्या शाळेत शिकवत होता. १८३६ मध्ये नाव्हिए वारला. त्याची प्राध्यापकाची जागा कोरिऑलिसला मिळाली आणि फ्रान्सच्या विज्ञान अकादमीतही तो निवडून आला. १८३८ मध्ये तो एकोल पॉलिटेक्निकचा अभ्यासक्रम संचालक झाला. जिथे सोळाव्या वर्षी विद्यार्थी म्हणून आला आणि पुढे शिकवणी घेत राहिला, तिथलाच प्रमुख अधिकारी. या काळातली त्याची एक आठवण त्या संस्थेत जपली गेली आहे. त्याने वर्गांमध्ये गार पाण्याची सोय केली, आणि तिथे पाण्याच्या कूलरला त्याच्या नावावरून कोरिओ म्हणायची पद्धत पडली. वैज्ञानिकाच्या नावाचं बल असतं, एकक असतं, पण कूलर मी तरी पहिल्यांदाच ऐकला.

तब्येतीने मात्र शेवटपर्यंत साथ दिली नाही. १८४३ च्या वसंत ऋतूत ती आणखी खालावली आणि १९ सप्टेंबर १८४३ रोजी तो पॅरिसमध्ये वारला. वय अवघं ५१. यंत्रांच्या पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती त्याच्यामागे, १८४४ मध्ये बाहेर पडली. पॅरिसच्या माँपार्नास स्मशानभूमीत त्याला पुरलं आहे. आयफेल टॉवरवर ज्या ७२ शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरांची नावं कोरली आहेत, त्यात त्याचंही आहे. पुढे कधी टॉवरचा फोटो झूम करून बघाल तर शोधा.

माझ्या क्यूचं काय झालं?

पुस्तकी उत्तर मिळालं होतं, पण खात्री हवी होती. मग फोन एका बाटलीला टेकवून टेबलाच्या टोकाला ठेवला, स्लो मोशन २४० फ्रेम्सवर लावला आणि सरळ, मधोमध मारायचे वीस फटके रेकॉर्ड केले. २४० फ्रेम्स म्हणजे दर चार मिलिसेकंदांना एक चित्र, त्यात टकरीचा क्षण पकडता येत नाही. पण टकरीआधीचा क्यू स्वच्छ दिसतो. रात्री रूमवर बसून एकेक फ्रेम पाहिली. क्यू मागे नेताना माझा कोपर बाहेर जात होता आणि पुढे येताना टिप मध्याच्या उजवीकडे, पाच-सहा मिलिमीटरवर लागत होती. वीसपैकी चौदा वेळा! मी सरळ मारतोय असं समजून न कळत फिरकी देत होतो. कार्बन फायबरच्या क्यूने मी तीच चूक केली असती, फक्त जास्त पैसे मोजून.

खरं सांगायचं तर वाईट वाटलं. दोष काठीचा आहे हे समजणं सोपं होतं. सहा महिने तो आपल्याच कोपरात होता हे कबूल करायला एक रात्र लागली.

कार्ट रिकामी केली. पार्लरमधल्या ओळखीच्या एका खेळाडूचा जुना, साधा लाकडी क्यू घेतला. घ्यायच्या आधी टेबलावर लोळवून बघितला, वाकडा नाही ना ते. टिप नवी बसवून घेतली आणि चांगल्या खडूचा डबा घेतला. सगळं मिळून कार्बन फायबरच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यातही आलं नाही. हप्ता वेळेवर गेला. बाबांना यातलं काही माहीत नाही, आणि सांगायची गरजही नाही.

आता रोज पहिली दहा मिनिटं मी एकटाच फक्त पांढरा चेंडू समोरच्या कुशनवर सरळ मारतो. परत येताना तो क्यूच्या टोकावरच यायला हवा. डावी-उजवीकडे गेला तर कोपर बघायचा. मित्राकडून अजून हरतोच, पण परवा तीनपैकी एक डाव घेतला. त्याच्या क्यूला आता मी नावं ठेवत नाही. त्याचा हात सरळ आहे, त्याला फिरकी मुद्दाम देता येते, म्हणून त्याला त्या दांडीचा उपयोग होतो. तो टप्पा माझा आला तर मीही घेईन.

तुम्ही पूल खेळत असाल तर क्यू बदलायच्या आधी तीन गोष्टी करा: टिप बघा, खडू लावा, आणि स्लो मोशनमध्ये स्वतःचा हात बघा. व्हिडिओ काढताना फोन थोडा हलला तरी चित्र स्थिर येईल. ती सोयसुद्धा कोरिऑलिसच्याच कृपेने.